दोन थापा

आमच्या धंद्यात अपघातांची एक वही असते. तिला सहा रकाने. तारीख, वेळ, जागा, कोणाला लागलं, कुठे लागलं आणि शेवटचा कारणाचा. पहिले पाच रकाने खरं बोलतात. सहावा मात्र पाहुण्यासारखा वागतो. समोरच्याला वाईट वाटेल असं काही तोंडातून काढत नाही.

ही वही माझ्याकडे आली ती माझ्या अक्षरामुळे. मी मूळची गोदामातली यादीवाली. लोक घर बदलतात, मधल्या काळात सामान आमच्याकडे ठेवतात, आणि कुणाच्या किती खुर्च्या नि कुणाचे किती खोके हे लिहून घेणं माझं काम. याद्या लिहून लिहून माणसं कळायला लागतात. तडा गेलेली बरणी खोक्यात घालून वर चारही बाजूंनी ‘नाजूक’ लिहिणारे असतात, आणि आईचा फोटो जुन्या चादरीत गुंडाळून देणारेही असतात. व्यायामाची सायकल सगळ्यात आधी गोदामात येते आणि सगळ्यात शेवटी जाते. तर एक दिवस मालकांनी मला बोलावलं आणि म्हणाले, “तुमचं अक्षर सुरेख आहे, तेव्हा आजपासून सेफ्टी तुम्ही बघा.”

अक्षराचा आणि सेफ्टीचा संबंध काय हे मी विचारलं नाही. पिवळ्या चिकटपट्टीची चार रिळं घेतली आणि गोदामात जिथे जिथे कुणी ठेचकाळेल तिथे तिथे चिकटवत सुटले. तेव्हापासून माझं नाव पट्टीताई. एकदा जेवणाच्या सुट्टीत खुर्चीतच माझा डोळा लागला, तर जाग येईपर्यंत पोरांनी खुर्चीभोवतीही पट्टी चिकटवली होती.

सहा महिन्यांचा गोषवारा काढायला बसले तेव्हा एक गोष्ट डोळ्यात भरली. एकूण नोंदी नऊ. त्यातल्या पाच एकाच माणसाच्या. डाव्या पायाचा अंगठा, नख गेलं. उजव्या हाताची दोन बोटं, सूज. पुन्हा उजवा हात, मधलं बोट, टाके तीन. नडगी. करंगळी. आणि पाचही ठिकाणी सहाव्या रकान्यात तेच दोन शब्द : स्वतःची चूक.

हा माणूस म्हणजे धाकटे.

आमच्याकडे दोन साडू आहेत, दोन सख्ख्या बहिणींचे नवरे. मोठीचा नवरा आमचा मुकादम. वय अठ्ठावन्न, खांदे दाराच्या चौकटीसारखे. त्यांना सगळे थोरले म्हणतात. धाकटीचा नवरा चव्वेचाळिसाचा, अंगाने शेलाटा, जिभेने तिखट, ते धाकटे. लग्न ठरत होतं तेव्हा धाकट्यांना नोकरी नव्हती आणि सासरे काही केल्या हो म्हणत नव्हते. तेव्हा थोरल्यांनी त्यांना शब्द दिला, “पोरगा मी माझ्या हाताखाली घेतो. तुमच्या लेकीचा नवरा हातीपायी धड ठेवीन, ही माझी जबाबदारी.” सासरे जाऊन बारा वर्षं झाली, पण शब्द काही त्यांच्याबरोबर गेला नाही. थोरले तो अजून वागवतात.

गेली बावीस वर्षं जिन्यावरचं जड सामान या दोघांचंच. कपाट उतरवायचं म्हणजे एक माणूस वर, एक खाली, मध्ये कपाट. दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नाही. खालचा उलट्या पावलांनी उतरतो, पायाने पायरी चाचपत. जिन्याच्या वळणावर तो आपलं टोक जमिनीला टेकवतो, तेव्हा त्याची बोटं कपाटाखाली असतात. ती निघाली की मगच वरच्याने भार सोडायचा. आधी सोडला तर बोटं गेली. थोरले तरुण असताना त्यांच्या पहिल्या जोडीदाराची अशीच गेली होती, म्हणून त्यांनी एक नियम केला : विचारल्याशिवाय सोडायचं नाही. वरून हाक, “सोडू?” खालून उत्तर, “सोडा.” बोटं अडकली असतील तर, “सोडू नका.” नव्या माणसाला शिकवताना थोरले सांगतात, “घरी बायकोला न विचारता काय वाटेल ते कर, ती बघून घेईल. जिन्यावर विचारायचं.”

साहजिकच सगळं गोदाम या जोडीला साडू-सोडू म्हणतं. आणि थोरल्यांचा अभिमान असा, की त्यांच्या जिन्यावर वीस वर्षांत रक्ताचा थेंब सांडला नाही.

हे वाक्य ते अजून म्हणत होते. वही मात्र दुसरं सांगत होती.

मी धाकट्यांना ऑफिसात बोलावलं.

“सहा महिन्यांत पाच वेळा स्वतःची चूक? तुमचं स्वतःशी काही भांडण झालंय का?”

“माणूस आहे, ताई. चुकतो.”

“पण तुम्ही फक्त जिन्यावर चुकता. सपाट जमिनीवर तुमच्यासारखा हुशार माणूस नाही.”

“सपाट जमिनीवर चुकण्यात काय मजा?”

“आणि जिन्यातही फक्त वळणावर.”

यावर त्यांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि “गाडी निघायची वेळ झाली” म्हणाले. मनगटावर घड्याळ नव्हतं. सामान उचलताना घड्याळ-अंगठी घालायची नाही, हा नियम मीच लावला होता.

त्याच संध्याकाळी थोरले आले, दारातच उभे राहिले. “ताई, त्याला तुम्ही जरा समजावा. हल्ली लक्षच नसतं त्याचं. मी बोलून बोलून थकलो, माझं काही ऐकत नाही.”

ऐकत नाही हा शब्द त्यांच्या तोंडून आला, आणि माझ्या डोक्यात काहीच पेटलं नाही. मी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी जिन्याचे कठडे तपासते असं सांगून त्यांच्या गाडीत बसले.

काम तिसऱ्या मजल्यावरचं होतं. घरमालकीण बाई दारात उभ्या राहून प्रत्येक वस्तूला “जपून हं, जपून” म्हणत होत्या. जपून म्हटल्याने वस्तू जपल्या गेल्या असत्या तर माझी गरजच नव्हती. ओझ्याखाली कुणी उभं राहायचं नाही, म्हणून मी दुसऱ्या मजल्याच्या वळणावर बाजूच्या खिडकीच्या कोनाड्यात अंग चोरून उभी राहिले. तिथून खाली धाकट्यांचे हात दिसत होते आणि मान उंचावली तर वर थोरल्यांचा चेहरा.

आधी लाकडी मांडणी आली. धाकट्यांनी टोक टेकवलं. वरून थोरले, “सोडू?”

धाकट्यांनी बोटं काढून घेतली, “सोडा” म्हणाले, आणि तळहाताने मांडणीच्या फळीवर दोनदा थाप मारली. धप, धप. मांडणी अलगद खाली बसली.

आता यादीवालीची सवय वाईट. तिला प्रत्येक गोष्टीचा क्रम लागतो. “सोडा” म्हटलं तेव्हा थोरल्यांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नव्हती. त्यांचे हात सैल झाले ते थापांनंतर. दुसरं सामान आलं, पुन्हा तसंच. शब्दाला काही नाही, थापेला हात सुटले. तिसऱ्या वेळी खाली रस्त्यावर कुणीतरी गाडीचा भोंगा असा वाजवला की मी दचकून भिंतीला चिकटले. थोरले शांतपणे पायरी बघत होते. मला वाटलं, केवढी एकाग्रता!

मग लोखंडी कपाट आलं. बाईंनी कपाट रिकामं केलंय म्हणून सांगितलं होतं. खालचा खण मात्र त्यांच्या हिशोबी कपाटात धरत नसावा, कारण त्यात इस्त्र्या, खलबत्ता आणि कुलपांचा एक ढीग निघाला, तो नंतर. वळणावर धाकट्यांनी टोक टेकवलं आणि ते नेहमीपेक्षा जास्त दबलं. त्यांची दोन्ही हातांची बोटं खाली अडकली. मला ती दिसत होती.

वरून आवाज आला, “सोडू?”

“सोडू नका!” धाकटे ओरडले. जिन्यात घुमण्याइतक्या मोठ्यांदा.

आणि थोरल्यांनी सोडलं.

पुढचं एका श्वासात झालं. धाकट्यांनी गुडघा कपाटाखाली घातला, हात ओढले, डावा सुटला, उजवा ओढला तर हातमोजा तिथेच राहिला आणि हात बाहेर आला. ते हातमोजे मी मागच्या महिन्यात चुकून एक माप मोठे मागवले होते. सगळ्या गोदामाने माझी थट्टा केली होती की ताईंनी हे राक्षसांसाठी आणलेत. आता त्यातला एक कपाटाखाली पडला होता, चारही बोटं कागदासारखी चपटी. मी त्या बोटांकडे बघत राहिले.

“काय झालं रे?” थोरल्यांनी वरून विचारलं.

धाकट्यांनी गुडघा चोळला. मग उत्तर दिलं ते एकेक अक्षर तोडून, “काही नाही, साडूभाऊ! माझंच चुकलं!”

“आंधळा आहेस का? बोटं काढायच्या आधी सोडा कशाला म्हणतोस?”

“हो! चुकलं!”

मी तोंड उघडलं. धाकट्यांनी माझ्याकडे बघून मान नुसती आडवी हलवली. त्या मानेत एवढी विनवणी होती की मी तोंड मिटलं.

दुपारी बाकीचे जेवायला बसले तेव्हा मी वही घेऊन गाडीत धाकट्यांच्या शेजारी जाऊन बसले.

“कारण?”

“स्वतःची—”

“मी तिथे होते.”

त्यांनी तोंड समोरच्या काचेकडे वळवलं. मग हसले. “मोठ्या मापाचे मोजे चांगले असतात, ताई. पुढच्या वेळीही चुका.”

“त्यांना ऐकू येत नाही.”

“येतं. सगळं येतं. शेवट तेवढा येत नाही.” त्यांनी सुजलेल्या गुडघ्यावर हात ठेवला. “आवाज चढवून बोललं की सुरुवात पोचते. मागचं जिन्यात विरघळून जातं. आता सांगा, आपल्या बोलण्यात ‘नको’ कुठे असतं? शेवटी. जाऊ नका, रडू नका, सोडू नका. अर्धं ऐकणाऱ्याला नेमकं उलटं ऐकू येतं. सोडू नका म्हटलं की ते ‘सोड’च्या पुढे ऐकतच नाहीत. त्यात त्यांची काय चूक?”

“किती दिवस चाललंय?”

“दोन वर्षं होतील. म्हणून तर थापा मारतो. थाप हाताला कळते, कान लागत नाही. पण दोन्ही हात अडकले की थाप कुठून मारणार? मग ओरडतो.”

“आणि मग वहीत खोटं लिहिता.”

“तीही थापच की.” ते पुन्हा हसले, पण या वेळी हसू तोंडापर्यंतच आलं. “ताई, त्यांना कळलं की ही बोटं त्यांच्यामुळे चेचली, तर जिना सोडतील हे एक झालं. ते मी सोसलं असतं. पण रविवारी आम्ही दोघं समोरासमोर जेवायला बसतो. ते माझ्या ताटाकडे बघायचं सोडून देतील. सासऱ्यांना शब्द दिलेला माणूस आहे तो. तेवढं नको.”

“आणि तुमची बोटं?”

“दहा आहेत. कपाटाला आठ पुरतात.”

मी वहीत तारीख लिहिली, वेळ लिहिली, जागा लिहिली. कोणाला लागलं, कुठे लागलं. सहावा रकाना रिकामा ठेवला. सेफ्टीवालीने कुणाची बाजू घ्यावी, थोरल्यांची की धाकट्यांची, यावर मी घरी जाईपर्यंत विचार केला. मला वाटलं, बोटांची घ्यावी. बोटांना बिचाऱ्यांना साडू नसतो.

दर शनिवारी मुकादम वहीवर सही करतो. थोरले पानं न वाचता सही करत, कारण अपघात हा इतरांच्या निष्काळजीपणाचा विषय आहे असं त्यांचं मत. या शनिवारी मी पेन दिलं नाही. वही त्यांच्यापुढे फिरवून ठेवली.

त्यांनी खिशातून चष्मा काढून लावला. चाळिशी लागली तेव्हा हा माणूस दुसऱ्याच दिवशी चष्मा घेऊन आला होता, सगळ्यांना दाखवत. डोळ्यांचं कुणाला काही वाटत नाही. कानांचं मात्र माणूस चोरीच्या मालासारखं लपवतो.

“कारण रिकामं का?” त्यांनी विचारलं.

“मला लिहिता येईना. ऐकलं ते लिहू, की सांगितलं ते लिहू?”

“ऐकलं ते लिहा. वही आहे ती.”

“वरून तुम्ही विचारलंत, सोडू. खालून त्यांनी उत्तर दिलं, सोडू नका.”

मी हळू बोलले नाही. टेबलाच्या अलीकडून, त्यांच्या डोळ्यांत बघून बोलले.

“काय म्हणाला तो?”

“सोडू नका.”

“काय म्हणाला?”

दुसऱ्यांदा विचारलं ते ऐकू आलं नव्हतं म्हणून नाही.

थोरल्यांनी पान मागे उलटलं. मग आणखी मागे. जाड बोट एकेका रकान्याखालून सावकाश फिरत होतं, जागा, जिना. जागा, जिना. कोणाला लागलं. कुठे लागलं. मधल्या बोटाच्या तीन टाक्यांपाशी ते बोट बराच वेळ थांबलं. बाहेर गोदामात कुणीतरी ट्रॉली ढकलत होतं, तिच्या एका चाकाला तेल हवं होतं. त्या वेळी मला तेवढंच सुचलं, की चाकाला तेल घालायला सांगायला हवं.

“यात खोडता येतं?” त्यांनी विचारलं.

“खोडायचं नसतं. पण पुढे लिहिता येतं.”

त्यांनी पेन घेतलं. रिकाम्या रकान्यात लिहिलं : मला ऐकू आलं नाही. मग मागच्या पाच पानांवर, प्रत्येक ‘स्वतःची चूक’च्या पुढे थोडी जागा होती तिथे, तेच. पाच वेळा. त्यांचं अक्षर माझ्यासारखं नाही, ओबडधोबड आहे. पण एकही अक्षर घाईने काढलेलं नव्हतं. चष्मा काढून खिशात ठेवला आणि ते बाहेर गेले. मी मागोमाग गेले. बघायची सवय वाईट म्हटलं ना.

धाकटे अंगणात सामान गुंडाळायच्या घोंगड्यांच्या घड्या घालत होते. थोरले समोर जाऊन उभे राहिले.

“हात दाखव.”

“काय?”

“बहिरा मी आहे. तू नाहीस. हात दाखव.”

धाकट्यांनी माझ्याकडे एक जळजळीत नजर टाकली आणि हात पुढे केला. थोरल्यांनी तो दोन्ही हातांत घेतला, उलटा केला, सुलटा केला, नखं बघितली, टाके पडलेल्या बोटाचं पेर वाकवून बघितलं. बाजारात भाजी निरखावी तसं.

“हे बोट वाकत नाही.”

“वाकतं. थंडीत जरा आढेवेढे घेतं.”

“मी तुला सगळ्यांसमोर आंधळा म्हणालो.”

“मग? तुम्ही बहिरे नि मी आंधळा. एका घरचे जावई शोभतो की नाही?”

थोरले हसले नाहीत. “हिला माहीत होतं? माझ्या बायकोला?”

“त्यांनीच तर मला सांगितलं. टीव्हीचा आवाज फार मोठा लागतो म्हणाल्या.”

“आणि तुझ्या?”

“तिला बोटं दिसतात, साडूभाऊ. तिने मला काय काय ऐकवलं ते तुम्हाला ऐकू आलं नाही ते बरंच.”

“म्हणजे सगळ्या घराला माहीत होतं,” थोरले म्हणाले. “फक्त मलाच ऐकू आलं नव्हतं.”

ते घोंगड्यांच्या ढिगावर बसले. धाकटेही बसले. अजून हात सोडलेला नव्हता, आणि एवढे मोठे दोन बाप्ये भर दुपारी हातात हात घालून बसलेत याचं दोघांनाही भान नव्हतं. ट्रॉलीवाला गडी आला, बघितलं आणि ट्रॉली मागे घेतली.

थोरले म्हणाले, “दोन वर्षं तू थापा मारतोयस. मला वाटायचं, खोड आहे तुझी. तबला वाजवायची हौस राहून गेली असेल.”

“तुम्हाला कळायच्या का पण?”

“हाताला कळायच्या.” ते विचार करत होते, मुकादम विचार करतो तेव्हा त्याचे खांदे हलतात, जसं मनातल्या मनात काहीतरी उचलून बघतोय. “थाप कधी मारता येते? हात मोकळा असला तर. हात अडकलेला असला तर मारता येत नाही. आणि अडकलेला असतो तेव्हाच सोडायचं नसतं. ताई, इकडे या, लपून काय बघता? लिहून घ्या. आजपासून जिन्यावर विचारायचं नाही आणि सांगायचं नाही. दोन थापा आल्या तर सोडायचं. नाही आल्या तर, वर जीव गेला तरी, धरून ठेवायचं. ऐकू येणाऱ्यांनीसुद्धा.”

मी सहा महिने डोकं खपवून इतका साधा नियम केला नव्हता. माझ्या नियमांत माणसाने लक्ष द्यावं लागायचं. यात लक्ष नसलं तरी बोट वाचत होतं.

सोमवारी थोरले आपणहून मालकांकडे गेले आणि सगळं सांगितलं. कानांची तपासणी होऊन डॉक्टरांचा कागद येईपर्यंत जिना बंद, असं ठरलं. सहा आठवडे ते फाटकाजवळच्या खुर्चीवर बसून गाड्यांची नोंद करत होते. या खुर्चीची त्यांना किती भीती होती हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. ‘खुर्चीवर बसलेला गडी आणि गोदामातली व्यायामाची सायकल सारखीच’ हे वाक्य त्यांचंच. धाकटे दुसऱ्या जोडीदाराबरोबर जिन्यावर जायचे आणि येता-जाता फाटकाच्या लोखंडावर दोन थापा मारायचे. थोरले वर न बघता म्हणायचे, “सोडला, जा.”

मी नियमाची पाटी सुरेख अक्षरात रंगवली : ‘दोन थापा मारल्याशिवाय ओझे सोडू नये.’ मालक बराच वेळ पाटीसमोर उभे राहिले.

“अहो, याचा अर्थ खोटं बोलल्याशिवाय काम करू नका असा होतोय.”

“राहू द्या,” थोरले खुर्चीवरून म्हणाले. “हसतील, पण विसरणार नाहीत.”

मग कानाचं मशीन आलं. पहिले काही दिवस ते शिट्टी घालायचं आणि थोरले इकडेतिकडे बघायचे, कोण वाजवतंय म्हणून. एका सकाळी फाटकापाशी मला थांबवलं. काहीतरी सांगायचं होतं, पण सांगू की नको असं चाललं होतं. शेवटी म्हणाले, “आमची ही, भांडी घासताना गुणगुणते.”

“मग?”

“पूर्वी गुणगुणायची. मला वाटलं होतं, सोडलं तिने. वय झालं, हौस संपली असेल म्हटलं. मी विचारलंही नाही.” ते गाडीचा नंबर लिहायला वाकले. “काल रात्रीची भांडी मुद्दाम दोनदा घासायला लावली असती, पण तिने मलाच घासायला लावली असती.”

डॉक्टरांनी लिहून दिलं की मशीन लावून काम करायला हरकत नाही. मालक मात्र म्हणाले, आधी मला दाखवा. म्हणून आमच्याच ऑफिसातलं फायलींचं लोखंडी कपाट वरून तळमजल्यावर आणायचं ठरलं. कुठल्या गिऱ्हाइकाच्या नाही, माझ्या कपाटावर परीक्षा. मी प्रत्येक खण स्वतः रिकामा केला. दोनदा.

मालक खाली दाराशी उभे. मी वळणावर, भिंतीच्या कोपऱ्यात. थोरल्यांनी वरचं टोक घेतलं, धाकट्यांनी खालचं, आणि सहा आठवड्यांनी साडू-सोडू जिना उतरू लागले. कुणी बोलत नव्हतं. बुटांचा आवाज आणि दोघांचे श्वास, तेवढंच. वळणावर धाकट्यांनी टोक टेकवलं. बोटं बाहेर काढली. मी बघितलं, दोन्ही हात मोकळे होते.

आता थापा. पण धाकटे तसेच उभे राहिले.

वर थोरले भार धरून होते. एक श्वास, दोन श्वास. कपाट तसूभर हललं नाही.

“काय झालं?” मालकांनी खालून विचारलं. मी त्यांना हातानेच गप्प केलं.

धाकट्यांनी तोंड कपाटाच्या पत्र्याजवळ नेलं आणि अगदी हळू, मला हातभर अंतरावरून जेमतेम ऐकू येईल इतक्या हळू म्हणाले, “सोडू नका हं, साडूभाऊ.”

पाच श्वास. सहा. वर थोरल्यांच्या दंडाच्या शिरा फुगल्या होत्या आणि कपाळावरून घाम ओघळत होता, पण हात तिथेच होते.

“अरे, खांदे भरून आले माझे!” शेवटी ते ओरडले. “थापा मारतोस की येऊ खाली?”

धप. धप.

कपाट खाली बसलं ते इतकं अलगद, की आवाज आलाच नाही. थोरले कपाटाच्या डोक्यावरून वाकले, खाली बघितलं आणि आधी धाकट्यांची बोटं मोजली. मनात मोजली, पण ओठ हलत होते. दहा झाल्यावर विचारलं, “काय पुटपुटत होतास मघाशी?”

“कुठे काय? काही नाही.”

“मशीन लावलंय मी, गाढवा.”

धाकट्यांचे कान लाल झाले. त्यांनी मुकाट्याने वाकून कपाटाखाली हात घातले.

“नीट धर,” थोरले म्हणाले. “अजून नऊ पायऱ्या आहेत.”